वटलं की रोख

बँकेत चेक भरला की दोन दिवसांनी आपण विचारतो, "वटला का?" हल्ली "पास झाला का" असंही म्हणतात, पण जुना शब्द वटणं हाच. हुंडी वटायची, चेक वटतो. या क्रियापदात समोरचा माणूस गृहीत धरलेला आहे. आपल्या हातातला कागद कितीही खरा असो, पलीकडच्या कुणीतरी तो घेऊन पैसे मोजून दिले तरच तो वटतो. मुदतीआधी वटवायचा तर वटाव सोडावा लागतो. घेणाऱ्याच्या मनात शंका असली तर बट्टा लागतो. पलीकडे कुणीच उभं राहिलं नाही तर तो नुसता कागद.

बँकवाले याला रोखता म्हणतात, परिपत्रकांत तरलता लिहितात. ठेवीदार दारात येऊन उभे राहिले तर बँक किती दिवस पैसे मोजू शकेल? आणि एकाच वेळी सगळ्याच बँकांच्या दारांत रांगा लागल्या तर काय होईल? हे आकड्यात मांडायची खटपट दीडशे वर्षं चालू आहे. त्या मापाची कुळकथा बहुतेक वेळा लंडन, मुंबई किंवा स्वित्झर्लंडमधल्या बाझलपासून सांगितली जाते. मी ती शाहूवाडीपासून सुरू करतो, कारण २०१६ च्या नोव्हेंबरात हे माप नेमकं जिथं चुकलं, ती जागा इथून स्वच्छ दिसते.

शाहूवाडी हा कोल्हापूर जिल्ह्याचा वायव्येकडचा, सह्याद्रीला टेकलेला तालुका. कडवी आणि वारणेचं खोरं, भाताची खाचरं, आणि कोकणात उतरणारे घाट. आजची वाहतूक आंबा घाटातून जाते, पण राजापूर बंदराचा माल पूर्वी बैलांच्या पाठीवरून अणुस्कुरा घाट चढून याच मुलखातून कोल्हापूरकडे जायचा. अशा वाटेवर नाण्यांच्या थैल्या नेणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. म्हणून घाटवाटांवरच्या व्यापाराला हुंडीचा आधार असे. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळायचे, मुदती हुंडीला ठरलेला दिवस असायचा. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहूलाच मिळायचे. आणि जोखमी हुंडी तर माल सुखरूप पोचला तरच वटायची. वाटेत माल बुडाला तर हुंडीही बुडाली. पैसा हातात येण्याची जोखीम तेव्हा हुंडीच्या नावातच लिहिलेली होती.

हुंड्यांचा व्यवहार करणाऱ्या सावकारी पेढीची रोखता मोजायची दोन मापं होती. पहिलं रोजमेळाचं: संध्याकाळी जमा आणि नावे यांचा मेळ घालून तिजोरीत उरलेली शिल्लक. दुसरं कुठल्याही वहीत नसायचं, ते बाजारात असायचं. या सावकाराची हुंडी दुसऱ्या गावी किती बट्ट्याने वटते? बट्टा वाढला की पेढी अडचणीत आहे हे शिल्लक मोजण्याआधीच लोकांना कळायचं. पेढी बुडाली की सराफ भर दिवसा दिवा लावून बसायचा आणि त्यावरून दिवाळं हा शब्द आला, असं सांगतात. मला यातलं दुसरं माप अधिक शहाणपणाचं वाटतं. पुढच्या शतकभरात कायद्यानं मात्र पहिलंच उचललं.

त्याला कारणही तसं घडलं. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि मुंबईच्या कापसाचे चढे भाव कोसळले. शेअरांवर आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांवर कर्ज देऊन बसलेली बँक ऑफ बॉम्बे त्यात गेली. १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली होती. ते पाहून वॉल्टर बॅजट यांनी १८७३ मध्ये 'लोम्बार्ड स्ट्रीट' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की संकटात मध्यवर्ती बँकेनं आपली शिल्लक धरून बसू नये. चांगल्या तारणावर, चढ्या व्याजानं, पण मोकळ्या हातानं कर्ज द्यावं. मराठीत राखीव निधीला गंगाजळी म्हणतात. मूळ गंगाजळी म्हणजे गंगेच्या पाण्याचं बंद भांडं, वेळ येईपर्यंत न फोडायचं. वेळ आल्यावर तरी फोडायचं की नाही, हा त्या पुस्तकाचा प्रश्न आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

भारतात १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली तेव्हा तिच्या कायद्यानं अनुसूचित बँकांना मागताक्षणी द्यायच्या देण्यांच्या ५ टक्के आणि मुदतीच्या देण्यांच्या २ टक्के रक्कम तिच्याकडे ठेवायला लावली. तरी १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक गेलीच. १९४९ च्या बँकिंग कायद्याच्या कलम २४ नं आणखी एक अट घातली: देण्यांच्या निदान २० टक्के इतकी रोकड, सोनं किंवा मान्य रोखे जवळ हवेत. सहकारी बँका या कायद्याखाली १ मार्च १९६६ पासून आल्या.

ही सगळी ढिगाची मापं. ढीग किती उंच, एवढंच ती सांगतात. आणि उंची वाढवत नेली तर काय होतं, तेही आपण पाहिलं. १९९० च्या सुमारास सरकारी रोख्यांचं प्रमाण ३८.५ टक्के आणि रिझर्व्ह बँकेकडच्या रोखीचं १५ टक्के झालं. ठेवींच्या १०० रुपयांतले साडेत्रेपन्न रुपये राखीव. ठेवीदारासाठी सुरू झालेलं माप सरकारची तूट भरायचं साधन बनलं होतं. १९९१ च्या नरसिंहम समितीनं ते उतरवायला सांगितलं. शिवाय रोज राखायची रोख मोडली तर दंड. दंड बसतो म्हणून जिला हात लावता येत नाही, ती रक्कम अडीअडचणीची कशी म्हणायची?

फेब्रुवारी १९९९ मध्ये ढिगाच्या जोडीला दिनदर्शिका आली. रिझर्व्ह बँकेनं बँकांना आपलं येणं आणि देणं मुदतीच्या कप्प्यांत मांडायला सांगितलं: पहिले १ ते १४ दिवस, मग १५ ते २८, पुढे तीन महिने, सहा महिने, असं पाच वर्षांपलीकडे. पहिल्या दोन कप्प्यांतली तूट त्या कप्प्यातून बाहेर जाणाऱ्या पैशाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. १४ दिवसांचा हा कप्पा उसाच्या पट्ट्यात नवा नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं कारखान्याला उसाची किंमत १४ दिवसांत द्यायला लावलेलीच आहे. तालुक्यातल्या सोनवडे-बांबवड्याच्या परिसरात ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला ही मुदत तोंडपाठ असते, आणि ती पाळली जाते की नाही हेही त्यालाच आधी कळतं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. तालुक्याच्या पैशाला अशी भरती-ओहोटी असते. जूनमध्ये बियाणं आणि शाळा, भाद्रपदात गणपती, मग गळीत हंगाम. घराघरांतली भाताची कणगी याच हिशेबानं भरत. पावसात वाट बंद झाली तर किती दिवस निघतील? ताणाची चाचणी म्हणतात ती हीच.

कप्प्यांच्या मापात एक उणीव होती. बचत खात्यातला पैसा कुठल्या कप्प्यात घालायचा? कायद्यानं तो उद्या मागता येतो, पण अनुभवानं तो वर्षानुवर्षं पडून असतो. म्हणजे माणसं कशी वागतील हे मोजायला हवं. ती वेळ सप्टेंबर २००७ मध्ये आली. इंग्लंडच्या नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर रांगा लागल्या, १८६६ नंतर तिथे प्रथमच. तिचं भांडवल नियमात बसत होतं. बाजारातून रोजच्या रोज उसना मिळणारा पैसा आटला, एवढंच झालं आणि तेवढं पुरेसं होतं. मग बाझलच्या बँक-देखरेख समितीनं डिसेंबर २०१० मध्ये नवं माप जाहीर केलं आणि जानेवारी २०१३ मध्ये ते दुरुस्त केलं. याचं नाव लिक्विडिटी कव्हरेज रेशो, बँकेत सगळे एलसीआर म्हणतात. कल्पना सोपी आहे. वाईट असे तीस दिवस डोळ्यांसमोर आणायचे. त्यात घरगुती स्थिर ठेवींपैकी ५ टक्के, थोड्या डळमळीत ठेवींपैकी १० टक्के आणि इतर वित्तसंस्थांच्या ठेवींपैकी बहुतेक सगळ्या निघून जातील असं धरायचं. जेवढा पैसा निव्वळ बाहेर जाईल, निदान तेवढ्या मोलाची लगेच विकता येणारी मत्ता हाताशी ठेवायची. भारतात हे १ जानेवारी २०१५ पासून ६० टक्क्यांवर सुरू झालं आणि २०१९ मध्ये १०० टक्क्यांवर पोचलं.

या मापाचा उपयोग कोल्हापूरकरांनी जवळून पाहिला आहे. १९४३ मध्ये कोल्हापूर आणि सांगली अशा दोन शाखांनी सुरू झालेली रत्नाकर बँक आता आरबीएल म्हणून देशभर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्या संचालक मंडळावर आपला एक अधिकारी नेमला, त्याच सुमारास तिचे मुख्य कार्यकारी रजेवर गेले, आणि अफवा उठल्या. तेव्हा रिझर्व्ह बँकेनं जाहीर निवेदन काढून सांगितलं की २४ डिसेंबरला या बँकेचा एलसीआर १५३ टक्के आहे, गरज १०० ची आहे. तीस वाईट दिवसांत १०० रुपये बाहेर गेले तर हाताशी १५३ आहेत, असा त्याचा अर्थ. ठेवीदार थांबले, बँक सावरली. आकडा नुसता नोंदवून न ठेवता वेळेवर लोकांना सांगितला, तर तो स्वतःच ताण कमी करतो. हे या मापाचं मोठं श्रेय आहे आणि ते मोकळेपणानं द्यायला हवं.

पण हा आकडा वहीवर उभा असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असं पहिल्या दिवशी सांगण्यात आलं. त्या बँकेची बहुतेक कर्जं एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती आणि वहीत ती लपवलेली होती. खोट्या वहीपुढे कुठलंच माप टिकत नाही.

आता साऱ्या व्यवस्थेकडे वळू, कारण खरी अडचण तिथेच आहे. एकेका बँकेची रोखता मोजून बेरीज केली की व्यवस्थेची रोखता मिळत नाही. समजा, गावच्या पतसंस्थेकडे १०० रुपयांच्या ठेवी आहेत. त्यातले २५ तिनं अडीअडचणीसाठी जवळच्या बँकेत ठेवले. त्या बँकेनं त्या २५ मधले ५ वरच्या बँकेत ठेवले, बाकीचं कर्ज दिलं. वरच्या बँकेनं त्यातला एक रुपया रोख ठेवला. तिघांचे ताळेबंद पाहा. पतसंस्था म्हणते माझी २५ रुपये रोखता, मधली म्हणते ५, वरची म्हणते १. तिघांचंही खरं आहे. पण तिघांच्या दारात एकाच आठवड्यात लोक आले तर मुळात एक रुपया आहे. मार्च २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक शेअरबाजाराच्या खेळात कोसळली, तेव्हा हेच उघडं पडलं. अनेक नागरी सहकारी बँकांनी आपली 'सुरक्षित' रक्कम तिच्याकडे ठेवली होती. त्यानंतर नागरी बँकांनी एकमेकींकडे ठेवी ठेवण्यावर बंदी आली.

साऱ्या जाळ्याचं चित्र काढून मोजायचं काम मार्च २०१० पासून निघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या वित्तीय स्थैर्य अहवालातून सुरू झालं. पुढच्या अंकांत बँका, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि बिगरबँक वित्त कंपन्या यांच्यातली देणीघेणी ठिपके आणि रेघांनी दाखवली जाऊ लागली. एखादा मोठा ठिपका गेला तर पाठोपाठ किती जातील, हे काढलं जाऊ लागलं. नागरी सहकारी बँकांसाठी त्यात एक साधी, कडक चाचणी आहे: १ ते २८ दिवसांत बाहेर जाणारा पैसा दीडपट झाला, दुप्पट झाला, येणारा तेवढाच राहिला, तर कोणाची तूट २० टक्क्यांच्या वर जाते? १९९९ चे कप्पे आणि २००१ चा धडा इथे एकत्र आले आहेत. मला ही चाचणी एलसीआरपेक्षा अधिक पटते. ती सामान्य सभासदालाही समजते.

मात्र या सगळ्या मापांत एक गोष्ट कधी तपासली गेली नव्हती: तिजोरीतली नोट. ती शंभर टक्के रोख, पहिल्या दर्जाची मत्ता, तिच्यावर शंका घेणार कोण?

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा चलनातून गेल्या. १० तारखेपासून जिल्हा बँकांनी इतर बँकांप्रमाणेच जुन्या नोटा भरून घेतल्या. १४ तारखेला रिझर्व्ह बँकेनं फक्त जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या घ्यायला किंवा बदलून द्यायला मनाई केली. राज्यात अशा ३१ बँका. शाहूवाडीसारख्या तालुक्यात विकास सेवा संस्थेचं पीककर्ज आणि दुधाचं बिल बहुतांश याच बँकेच्या शाखांतून फिरतं, गावाजवळची शाखाही तिचीच. नव्या नोटा तिला इतर बँकांच्या चलनपेटीतून मिळायच्या, आणि त्या कमी मिळायच्या. रब्बीच्या तोंडावर खात्यात पैसे असून हातात येईनात. आत तिजोरीत जुन्या नोटांचे गठ्ठे, बाहेर रांग. ठेवीदार घाबरले नव्हते, कर्जं एकदम बुडाली नव्हती, वह्याही खोट्या नव्हत्या. ढिगाच्या मापानं बँक श्रीमंत होती. पण नोट घेणारा पलीकडे उभा नव्हता, आणि तो खुद्द नोट काढणाराच होता.

१० ते १४ नोव्हेंबरला घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायची मुभा २० जून २०१७ च्या अधिसूचनेनं मिळाली, म्हणजे सात महिन्यांनी. तोवर त्या रकमेवर ठेवीदारांना व्याज देणं चालूच होतं. पण १० तारखेच्या आधीपासून, रोजच्या व्यवहारासाठी म्हणून, जी शिल्लक तिजोरीत होती ती स्वीकारली गेली नाही. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांची मिळून अशी सुमारे ११२ कोटी रुपयांची रक्कम अडकली. त्यात सर्वांत मोठा वाटा कोल्हापूरच्या बँकेचा, सुमारे २५ कोटी. २०१८ मध्ये नाबार्डनं ती तोटा म्हणून दाखवायला सांगितलं. वाद न्यायालयापर्यंत गेला. जिल्हा बँकांच्या वह्यांची तपासणी करायला हवी होती, तर ती करून सचोटीच्या व्यवहारांची रक्कम महिन्याभरात मोकळी करता आली असती. तसं झालं नाही, आणि ही चूक बँकांची नव्हती, वरची होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून मला त्या जुन्या दुसऱ्या मापाची आठवण होते, बट्ट्याची. ते 'तुझ्याजवळ किती आहे' असं विचारायचं नाही. 'तुझ्याजवळचं कोण घेईल' असं विचारायचं. एलसीआरमध्ये या प्रश्नाचा अंश आहे, मत्तेची किंमत दर्जाप्रमाणे उतरवून धरतात त्यात. आता वेगाचाही विचार होतो आहे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर मुख्यतः ऑनलाइन निघाले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं मोबाइल-इंटरनेट सोय असलेल्या घरगुती आणि छोट्या उद्योगांच्या ठेवींवर बहिर्गमनाचा दर १ एप्रिल २०२६ पासून अडीच टक्क्यांनी वाढवला. हे योग्यच आहे. पण एलसीआरची अट सहकारी बँकांना लागू नाही. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीतच येत नाहीत, आणि त्यांच्या ठेवींना पाच लाखांच्या ठेव विम्याचं संरक्षणही नाही. त्यातच ५ टक्के किंवा १० टक्के ठेवी निघतील हा अंदाज विखुरलेल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या ठेवीदारांवर बेतलेला आहे. तालुक्यातली माणसं तशी विखुरलेली नसतात. एकच नदी, एकच कारखाना, एकच दूध संघ. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पैसे लागले ते सगळ्या गावांना एकाच आठवड्यात लागले.

जिल्हा बँका आणि मोठ्या पतसंस्था यांचीही २८ दिवसांची चाचणी दर सहा महिन्यांनी व्हावी आणि तिचा आकडा शाखेच्या फळ्यावर लागावा, ही मागणी मोठी नाही. ती वरून येईपर्यंत थांबायचं मात्र कारण नाही. सप्टेंबर अखेरपर्यंत तुमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा होईल, अहवाल घरी येईल. त्यातलं गुंतवणुकीचं पान उघडा. आपली राखीव रक्कम कोणत्या बँकेत, किती, किती मुदतीनं ठेवली आहे ते वाचा, आणि सभेत उभं राहून एकच प्रश्न विचारा: पुढच्या २८ दिवसांत लोक नेहमीपेक्षा दुप्पट पैसे मागायला आले, तर यातलं किती वटेल? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.